बॅटरी बदलताना गाडीची ‘मेमरी’ कशी टिकवायची

बॅटरी काढली की गाडी बऱ्याच गोष्टी विसरते. घड्याळ बारावर येतं, रेडिओची स्टेशनं जातात, एका टिचकीत वर जाणारी काच बटण दाबून धरल्याशिवाय हलत नाही. घड्याळ अर्ध्या मिनिटात लागतं, त्याचं काही नाही. पंचाईत होते ती रेडिओ कोड मागू लागला तर. म्हणून पाना हातात घेण्याआधी कोडचं कार्ड शोधून ठेवा.

युक्ती सोपी आहे: काम चालू असेपर्यंत गाडीला दुसरीकडून 12 व्होल्ट देत राहायचे. स्टिअरिंगखाली ओबीडीचं सॉकेट असतं, म्हणजे वर्कशॉपवाले गाडी तपासायला स्कॅनर लावतात ते. किल्ली काढली तरी त्याच्या 16 नंबरच्या पिनेवर प्लस असतो. या सॉकेटात बसणारी, फ्यूज असलेली ‘मेमरी सेव्हर’ वायर मिळते. तिचं दुसरं टोक स्कूटरच्या चार्ज असलेल्या बॅटरीला जोडा आणि ती बॅटरी पायाशी मॅटवर ठेवा. 9 व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर विसंबू नका. एक दार उघडलं तरी आतल्या दिव्यानेच तिचा जीव जातो. लायटरचं सॉकेट बऱ्याच गाड्यांत किल्लीबरोबर बंद होतं.

वायर जोडण्याआधीच बॉनेट उघडा, एक काच खाली करा, किल्ली खिशात ठेवा. मग दारं लावून घ्या.

बहुतेक गाड्यांना दहाचा पाना लागतो. आधी मायनस सोडवा, मग प्लस. इथे हात जपा. एरवी मायनस निघाला की प्लसची वायर मेलेली असते. आज ती जिवंत आहे. तिचा क्लॅम्प पत्र्याला टेकला की ठिणगी, फ्यूज खलास आणि मेमरीही गेली. मी त्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा जपून ठेवलाय. क्लॅम्प सुटला रे सुटला की त्यावर तो चढवायचा.

नवी बॅटरी बसवताना आधी प्लस, मग मायनस. क्लॅम्प हाताने हलता कामा नये. मेमरी सेव्हर काढून मगच स्टार्टर मारा.

स्टार्ट-स्टॉपच्या, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत मूळची बॅटरी ईएफबी किंवा एजीएम (अशा गाड्यांसाठीचे खास दणकट प्रकार) असेल तर तशीच घ्या. नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावी लागणारी गाडी किंवा हायब्रिड असेल, तर सरळ वर्कशॉपला न्या.

एवढं करून काच विसरलीच, तर पूर्ण खाली घ्या, वर नेऊन बटण दोन-चार सेकंद तसंच ओढून धरा. बहुतेक गाड्यांत एवढ्याने भागतं.