मोठ्या खंडानंतर वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या मिथिक रेड गिल्डमध्ये कसं शिरावं

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात रेड म्हणजे गिल्डने, म्हणजे खेळाडूंच्या संघाने, मिळून मोठे शत्रू (बॉस) मारायची मोहीम. मिथिक ही तिची सगळ्यात कठीण पातळी, नॉर्मल आणि हिरोइक त्याखालच्या. मिथिक रेडला २० माणसं लागतात. नॉर्मल आणि हिरोइक १० ते ३० जणांत कसेही खेळता येतात, बॉसची ताकद माणसांच्या संख्येप्रमाणे कमी-जास्त होते. मिथिकचं तसं नाही. २०१४ मध्ये वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर हा विस्तार (खेळाचा नवा भाग) आला तेव्हापासून तिथला आकडा विसावर पक्का आहे आणि प्रत्येक बॉस त्याच हिशेबाने बेतलेला असतो. रेडच्या वेळेला एक जण आला नाही आणि बदली मिळाला नाही, तर उरलेल्या एकोणीस जणांची संध्याकाळ वाया जाते. चार-सहा वर्षांनी परत येणाऱ्याने सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करावं, कारण गिल्डवाले तुमच्याकडे याच नजरेने पाहतात. जुन्या पराक्रमांचं त्यांना कौतुक असतं. पण त्यांना खरं हवं असतं ते एवढंच: हा माणूस ठरलेल्या वेळी, तयारीनिशी, सीझन संपेपर्यंत येणार का?

(तुमच्या आठवणी ४० जणांच्या मोल्टन कोअर या जुन्या रेडच्या असतील आणि तेच पुन्हा हवं असेल, तर क्लासिक ही खेळाची जुनी आवृत्ती आहे. एकाच सबस्क्रिप्शनमध्ये दोन्ही मिळतं. हा लेख मात्र चालू खेळातल्या मिथिकबद्दल आहे.)

आधी घड्याळ, मग गिल्ड

लोक आधी चांगलं गिल्ड शोधतात आणि मग त्याच्या वेळेत स्वतःला कोंबतात. उलट करा. आठवड्यातल्या कोणत्या दोन किंवा तीन दिवशी, किती ते किती, तुम्हाला कोणीही हाक मारणार नाही, हे कागदावर लिहा. घरच्यांशी बोलून लिहा.

भारतातून खेळणाऱ्यांना हा हिशेब जरा बारकाईने करावा लागतो. युरोपातलं गिल्ड मध्य युरोपाच्या वेळेने रात्री ८ ला सुरू होत असेल, तर आपल्याकडे हिवाळ्यात साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. तीन तासांची रेड म्हणजे पहाटेचे साडेतीन. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे रात्रीचे ८ म्हणजे आपले दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा, तिकडे उन्हाळा असला तर साडेपाच. पश्चिम किनाऱ्याची तीच वेळ आपल्या साडेनऊ किंवा साडेआठला पडते. सिडनीच्या वेळेने रात्री ८ ची रेड आपल्या दुपारी साडेतीनला, त्यांच्या उन्हाळ्यात अडीचला. वार बदलतो तेही लक्षात घ्या: अमेरिकेतली मंगळवार रात्रीची रेड आपल्या बुधवारी सकाळी असते.

नोकरी करणाऱ्याला माझा सल्ला असा, की युरोपातलं शुक्रवार-शनिवार खेळणारं गिल्ड मिळत असेल तर ते घ्या. रोज पहाटे चारला झोपून सकाळी नऊची लोकल पकडणं महिनाभर जमतं, पुढे नाही. पहाटे उठायची सवय असलेल्यांना पूर्व किनाऱ्याची गिल्डं खरोखर सोयीची पडतात, ऑफिसच्या आधी रेड उरकते. न्यू जर्सीत किंवा सिडनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना ही कसरत नाही, त्यांनी हा भाग सोडून पुढे जावं.

एक अडचण आधीच तपासा. युरोप आणि अमेरिका हे वेगळे विभाग आहेत, एकातली पात्रं दुसऱ्यात नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलियातले सर्व्हर अमेरिकेच्या विभागात मोडतात. तुमची जुनी पात्रं कुठे आहेत त्यावरून निम्मा निर्णय होतो.

काय बदललंय ते समजून घ्या, पण आठवडाभरच

२०२२ च्या ड्रॅगनफ्लाइट विस्ताराने टॅलेंटची झाडं, म्हणजे पात्राची कौशल्यं निवडायचे तक्ते, नव्याने मांडली. २०२३ पासून अलायन्स आणि होर्ड या दोन विरोधी बाजूंचे खेळाडू एकाच गिल्डमध्ये राहू शकतात, म्हणजे जुन्या मित्रांच्या दुसऱ्या बाजूच्या गिल्डचं दारही आता उघडं आहे. २०२४ च्या द वॉर विदिनने वॉरबँड, म्हणजे अकाउंटवरच्या सगळ्या पात्रांचे गट, आणले, त्यामुळे बऱ्याच गोष्टी अख्ख्या अकाउंटला मिळतात. ॲडऑनची (खेळाला जोडायच्या बाहेरच्या छोट्या प्रोग्रामची) जुनी यादी तर विसराच. पूर्वी वीकऑराज या इशारे देणाऱ्या ॲडऑनशिवाय मिथिकमध्ये उभं राहता येत नसे. मिडनाइट या विस्तारापासून खेळ बनवणाऱ्या ब्लिझार्डने लढाई चालू असताना ॲडऑनला मिळणाऱ्या माहितीवर मोठी बंधनं घातली आणि बॉसची टाइमलाइन, डॅमेज मीटर अशा गोष्टी खेळातच दिल्या. परतणाऱ्याच्या दृष्टीने हे उत्तमच झालं, कारण सगळ्यांनाच नव्याने शिकावं लागलं.

क्लास (पात्राचा प्रकार) निवडताना लोक टियर लिस्ट, म्हणजे कोणता क्लास किती ताकदवान याची यादी, पाहत बसतात. त्यापेक्षा रेडला काय लागतं ते पाहा. मेजचं आर्केन इंटेलेक्ट, प्रीस्टचं फोर्टिट्यूड, वॉरियरचं बॅटल शाऊट, ड्रुइडचं मार्क ऑफ द वाइल्ड, मंकचा मिस्टिक टच, डीमन हंटरचा केऑस ब्रँड: हे अख्ख्या रेडला बळ देणारे किंवा बॉसला बसणारा मार वाढवणारे परिणाम (बफ) आहेत, यातला प्रत्येक एक तरी हवा असतो. साधारण रोस्टर (संघाची यादी) दोन टँक (बॉसचा मार झेलणारे), चार हीलर (जखमा भरणारे) आणि चौदा डीपीएस (बॉसला मारणारे) असं असतं. म्हणजे टँकची जागा क्वचित निघते आणि निघाली तरी आतल्याच कुणाला मिळते. बाहेरून येणाऱ्याला डीपीएस किंवा हीलर म्हणून शिरणं सोपं. मात्र रोज हातात घ्यावासा वाटेल तोच क्लास घ्या. न आवडणारं स्पेक (क्लासमधली शाखा) घेऊन एका बॉसवर दोनशे पुल (लढाईचे प्रयत्न) करवत नाहीत.

हात पुन्हा बसवा

डोक्यात सगळं असतं, बोटांत नसतं. आधी ट्रेनिंग डमीवर रोटेशन (बटणं दाबायचा क्रम), मग मिथिक प्लस (पाच जणांची, घड्याळ लावलेली मोहीम), मग अनोळखी लोकांबरोबर नॉर्मल आणि हिरोइक, हा क्रम चांगला. हिरोइकचा शेवटचा बॉस पुढची रेड येण्याआधी मारला की ‘अहेड ऑफ द कर्व्ह’ हे मानचिन्ह मिळतं. ते मिळवूनच मिथिक गिल्डांकडे जा. त्याशिवाय अर्ज केला तर वाचतील, पण बाजूला ठेवतील.

दूरच्या सर्व्हरवर खेळणाऱ्याला पिंगची, म्हणजे सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन परतायला लागणाऱ्या वेळेची, धास्ती असते. त्यातला अर्धा भाग खेळच सांभाळून घेतो. बहुतेक कौशल्यांमध्ये दीड सेकंदाचा ग्लोबल कूलडाऊन (पुढचं कौशल्य वापरण्याआधीचा सक्तीचा थांबा) असतो, हेस्टने (पात्राच्या वेगाच्या गुणाने) तो कमी होतो. तो संपायच्या आधी शेवटच्या ४०० मिलिसेकंदांत दाबलेलं बटण सर्व्हर रांगेत धरून ठेवतो. म्हणून किंचित आधी दाबायची सवय लावली, की मुंबईहून युरोपात खेळतानाही दोन स्पेलच्या मध्ये फट पडत नाही. पायाखाली येणाऱ्या मारक वर्तुळांना मात्र ही सवलत नाही. तिथे टाइमलाइन पाहून आधीच सरकायला शिका. आणि शेवटच्या क्षणी इंटरप्ट (शत्रूचं कौशल्य मधेच तोडणं) करायची जबाबदारी आली तर रेड लीडरला पिंग सांगून दुसरं काम मागा. यात कमीपणा काही नाही, त्यांना हे आधी कळलेलं बरंच वाटतं.

स्वतःचा लॉग स्वतः वाचा

माझ्या मते परतणाऱ्याला सगळ्यात जास्त फायदा याचा होतो. सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड कॉम्बॅट लॉगिंग चालू करा आणि प्रत्येक रेडचा लॉग (लढाईची नोंद) वॉरक्राफ्ट लॉग्ज या साइटवर चढवा. तिथे तुमच्या पार्सला (इतरांच्या तुलनेत शंभरपैकी मिळणाऱ्या आकड्याला) रंग मिळतो: पंचविशीच्या आत करडा, मग हिरवा, पन्नासला निळा, पंचाहत्तरला जांभळा, पंच्याण्णवला केशरी. सगळ्यांचं लक्ष रंगाकडे जातं. तुम्ही आधी ‘डेथ्स’चा भाग उघडा.

समजा चौथ्या मिनिटाला तुम्ही मेलात. मरण्याच्या आधीच्या काही सेकंदांत कोणता मार किती बसला, हीलिंग कधी आलं, ओळीने दिसतं. आता तुमचं डिफेन्सिव्ह (बसणारा मार कमी करणारं कौशल्य) त्या क्षणी कुठे होतं ते बघा. बहुतेक वेळा ते मोकळं असतं, कुणी दाबलेलंच नसतं. जीव भरून काढणारा हेल्थस्टोनही पिशवीत तसाच. लॉग वाचणारा गिल्डचा ऑफिसर (पदाधिकारी) नेमकं हेच शोधतो. निळा पार्स आणि अख्ख्या रात्रीत एक मरण, हा खेळाडू केशरी पार्स घेऊन प्रत्येक पुलला आधी मरणाऱ्यापेक्षा कधीही लवकर घेतला जातो, कारण मेलेल्या माणसाचं डॅमेज शून्य असतं आणि त्याच्या वाटणीची मेकॅनिक (बॉसच्या लढाईतली ठरलेली कामगिरी) दुसऱ्याच्या गळ्यात पडते.

पुढच्या आठवड्यात त्याच बॉसवर ते डिफेन्सिव्ह कोणत्या सेकंदाला दाबायचं ते लिहून ठेवा आणि दाबा. दोन्ही लॉग जपून ठेवा, अर्जात कामाला येतील.

गिल्ड निवडणं आणि अर्ज

रेडर आयओ या साइटवर गिल्डची आजची आणि मागच्या सीझनांची प्रगती दिसते. मिथिकचा शेवटचा बॉस पुढची रेड येण्याआधी मारणाऱ्यांना ‘कटिंग एज’ मिळतं, त्यामुळे गिल्डं स्वतःची ओळख त्यावरून सांगतात. लिक्विड, इको, मेथड या अव्वल गिल्डांची जागतिक शर्यत पाहून अंगात येतं, पण ते लोक त्या दिवसांत सकाळपासून रात्रीपर्यंत खेळतात. तुम्ही पूर्वी ज्या पातळीवर होतात त्याच्या एक पायरी खालचं गिल्ड निवडा. तिथे जागा टिकते, शिकायला वाव मिळतो आणि पुढच्या सीझनला वर सरकता येतं.

प्रगतीपेक्षाही रोस्टर पाहा. गिल्डचे सार्वजनिक लॉग उघडून सीझनच्या सुरुवातीची वीस नावं आणि आजची वीस नावं ताडून पाहा. निम्मी बदलली असतील तर आत काहीतरी बिनसलंय. चार-पाचच बदलली असतील तर गिल्ड धडधाकट आहे. कोणता बफ नाही, कोणत्या क्लासचा एकच माणूस आहे, हेही तिथेच कळतं.

वेळ साधायची असेल तर दोन मोके आहेत. एक, सीझन संपताना, पुढचं रोस्टर बांधलं जात असतं तेव्हा. दुसरा, रेड उघडून दीडेक महिना झाल्यावर. तेव्हा मधल्या कठीण बॉसवर गिल्ड अडकलेलं असतं, दोघं-तिघं कंटाळून सोडून जातात आणि ऑफिसर रोज नवी माणसं शोधत असतात.

अर्ज छोटा आणि सरळ ठेवा. मजकूर असा असावा: ‘मी अमुक विस्तारानंतर खेळ सोडला होता, कारण नोकरी. आता शुक्रवार आणि शनिवार तुमच्या वेळेत पूर्ण मोकळा आहे. भारतातून खेळतो, पिंग इतका असतो. हिरोइक पूर्ण केलंय. हे दोन लॉग पाहा: पहिल्यात मी दुसऱ्या फेजमध्ये चार वेळा मेलो, दुसऱ्यात एकदाही नाही.’ शेवटचं वाक्य अर्जाचा जीव आहे. खंड पडला होता हे लपवू नका, तुमचा इतिहास रेडर आयओवर सगळ्यांना दिसतोच. जुनं कटिंग एज असेल तर एका ओळीत लिहा, त्यावर परिच्छेद नको.

मग डिस्कॉर्डवर बोलणं होतं. इंग्रजी अस्खलित नसलं तरी चालतं, युरोपातल्या गिल्डांमध्ये निम्म्यांची ती मातृभाषा नसते. माइक साफ हवा, पंख्याचा आवाज नको. तुम्हीही विचारा: बेंचवर (राखीव) कोण आणि कसं बसतं, लूट (बॉसकडून मिळणारं सामान) कौन्सिल वाटते की रोल (फासा टाकून वाटप) होतो, ट्रायल (चाचणीचा काळ) किती दिवसांची.

ट्रायल

बहुतेक ठिकाणी दोन ते चार आठवडे. दहा मिनिटं आधी हजर. एन्चांट, जेम, फ्लास्क, पोशन, जेवण हे ताकद वाढवणारं सगळं सामान स्वतःचं. बॉसचा व्हिडिओ पाहिलेला असावा, तोही तुमच्याच स्पेकच्या नजरेतून. रेडबॉट्स या साइटवर आपलं पात्र सिम करून (ते किती मार देईल याचा हिशेब काढून) रिपोर्ट ऑफिसरला मागितल्यावर लगेच देता यावा. चूक झाली तर ‘माझी चूक’ एवढंच म्हणा, कारणं पुल संपल्यावर. कॉल रेड लीडर देतो, नव्या माणसाने देऊ नयेत. ट्रायल असताना मोठं लूट आधी इतरांना जातं, ते मनाला लावून घेऊ नका. बेंचवर बसवलं तरी स्ट्रीमवर पुल पाहत राहा, कारण मधेच कुणाचं इंटरनेट गेलं तर पुढच्या मिनिटाला आत यावं लागतं.

दर आठवड्याच्या शेवटी ऑफिसरला एकच प्रश्न विचारा: ‘या आठवड्यात माझ्या कोणत्या मरणामुळे सगळे मेले (वाइप झाला)?’ ट्रायलवर असं विचारणारे फार कमी असतात आणि उत्तर नेमकं मिळतं. नकार आला तर हाच प्रश्न शेवटी एकदा विचारून घ्या, पुढच्या गिल्डसाठी तेच टिपण वापरा.

जागा पक्की झाली, की त्याच दिवशी गिल्डच्या कॅलेंडरमध्ये तुमच्या गैरहजेरीच्या तारखा टाका: गणपतीचे दिवस, दिवाळी, घरातलं लग्न. तिकडचे लोक नाताळच्या तारखा अशाच आधी टाकतात, त्यामुळे कुणाला नवल वाटत नाही. दोन महिने आधी कळलं तर विसावा माणूस शोधता येतो. आणि युरोपातली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेतली मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्या आठवड्यांसाठी फोनवर गजर वेगळा लावून ठेवा.