मागचे शॉकअप घरी बदलताय? या चुका टाळा

नवे शॉकअप बसवून महिनाही होत नाही आणि गाडीच्या मागून पुन्हा खडखड सुरू होते. लगेच "माल डुप्लिकेट निघाला" असा निष्कर्ष निघतो. कधी तो खरा असतोही. पण बहुतेक वेळा बिघाड बसवणीत असतो: खालचं बुश (बोल्टभोवतीचं रबरी जोड) चाक हवेत लटकलेलं असताना आवळलेलं असतं, दांड्याचं क्रोम पकडीने खरवडलेलं असतं, नाहीतर चुरा झालेला जुना बंप स्टॉप (दांड्यावरचा फोमचा तुकडा) तसाच परत चढवलेला असतो. नवा शॉकअप या तिन्हींपैकी एकही चूक पोटात घालत नाही.

खाली जे सांगितलं आहे ते मुख्यतः स्विफ्ट, बलेनो, आय-२०, पोलो अशा गाड्यांच्या मागच्या बाजूला लागू पडतं. त्यांच्या मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा ॲक्सल असतो आणि स्प्रिंग व शॉकअप वेगवेगळे बसवलेले असतात. चांगली हत्यारं असतील तर हे काम घरच्या पार्किंगमध्ये होऊ शकतं. पुढच्या स्ट्रटचं प्रकरण वेगळं आहे, त्याबद्दल शेवटी.

शॉकअप खरंच गेलाय का?

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप फक्त स्प्रिंगची उसळी जिरवतो: आतलं तेल पिस्टनच्या बारीक छिद्रांतून आणि व्हॉल्व्हमधून ढकललं जातं आणि उसळीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. त्यामुळे गाडी मागून खाली बसली असेल तर नवे शॉकअप टाकून ती वर येणार नाही. तो दोष स्प्रिंगचा.

तेल गळतंय का हे बघतानाही घाई होते. वरच्या सीलजवळ धुळीने माखलेला पातळ ओलसर थर असला म्हणून शॉकअप बाद होत नाही. दांडा वर-खाली होताना तेलाची किंचित वाफ बाहेर येतेच. नळकांड्यावरून तेलाचा ओघळ खालपर्यंत आला असेल तर मात्र सील गेलं. शंका असेल तर कापडाने स्वच्छ पुसा, आठवडाभर गाडी चालवा आणि पुन्हा बघा.

डिकीवर जोर देऊन गाडी दाबायची आणि किती वेळा हलते ते मोजायचं, ही जुनी परीक्षा आजच्या गाड्यांवर फारशी भरवशाची नाही. अगदीच मेलेला शॉकअप तेवढा त्यात सापडतो, अर्धवट गेलेला सुटून जातो. त्यापेक्षा टायर जास्त खरं सांगतो. हाताचा तळवा टायरच्या नक्षीवरून गोल फिरवा. ठरावीक अंतरावर उंच-सखल चट्टे लागले, तर चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारत चाललंय असं समजा. अलाइनमेंट बिघडलं असेल तर टायर साधारण एका कडेने झिजतो, तिथे असे चट्टे पडत नाहीत. रस्त्यावरची खूण म्हणजे पुलांच्या सांध्यांवर किंवा वळणातल्या खड्ड्यावर मागची बाजू आडवी सरकल्यासारखी वाटणं, आणि स्पीडब्रेकर उतरल्यावर ती एकदा वर येऊन थांबण्याऐवजी पुन्हा डुलणं.

खडखडीचा आवाज आहे म्हणून थेट शॉकअप मागवू नका. आधी डिकी पूर्ण रिकामी करून गाडी चालवून बघा, सैल जॅक आणि नीट न आवळलेली स्टेपनी हुबेहूब तसाच आवाज करतात. सायलेन्सर टांगणारे रबर आणि ॲक्सलचे बुशही तपासा. टायरमध्ये हवा जास्त असली तरी गाडी आपटते.

अर्धवट खरेदी

शॉकअप जोडीने बदलायचे. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर किंवा वळणावर दोन्ही चाकं वेगळी वागतात. आणि नुसते दोन शॉकअप आणून भागत नाही. बंप स्टॉप, धूळ अडवणारं कव्हर, वरची रबरं, वायसर आणि नवे नायलॉक नट सोबत घ्या. यातलं काय खोक्यात येतं आणि काय वेगळं घ्यावं लागतं हे कंपनीप्रमाणे बदलतं, म्हणून दुकानातच खोकं उघडून बघा. नायलॉक नटातली प्लास्टिकची कडी एकदा वापरली की तिची पकड कमी होते, जुना नट परत लावू नका.

बंप स्टॉपकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. पिवळट फोमचा तो तुकडा काही वर्षांत हातात चुरगळतो. तो नसेल तर भरलेली गाडी खोल खड्ड्यात गेल्यावर शॉकअपच्या आतला पिस्टन थेट तळाच्या व्हॉल्व्हवर आपटतो. कव्हर फाटलेलं असेल तर रेती दांड्याला चिकटते आणि सील कापते.

जुना काढण्याआधी नव्याशी ताडून बघणं अर्थातच चांगलं, पण निदान काढल्यावर तरी दोन्ही शेजारी ठेवा: पूर्ण ताणलेली लांबी, खालच्या डोळ्याच्या (बोल्ट जातो त्या कडीच्या) नळीचा व्यास आणि रुंदी, वरच्या आट्यांचं माप. एकाच नावाच्या गाडीच्या दोन पिढ्यांचे शॉकअप एकमेकांना बसतीलच असं नाही.

दोन नळ्यांचे शॉकअप दुकानात आडवे पडून असतात, त्यामुळे आतली हवा नको त्या जागी गेलेली असते. बसवण्याआधी दांडा वर राहील असं उभं धरा, सावकाश पूर्ण दाबा, सावकाश पूर्ण ओढा. असं चार-पाच वेळा केलं की मधला पोकळ टप्पा जातो आणि विरोध एकसारखा लागतो. यानंतर बसवेपर्यंत त्यांना आडवं टाकू नका. ओढताना दाबण्यापेक्षा जास्त जोर लागत असेल तर तो दोष नव्हे, त्यांची रचनाच तशी असते.

गाडी उचलताना

इथली चूक जिवावर बेतू शकते. मागची चाकं उचलायची म्हटल्यावर माणूस सवयीने हँडब्रेक ओढतो आणि निर्धास्त होतो. पण हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो! ती हवेत गेली की गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. म्हणून गाडी सपाट, टणक जागेवर घ्या, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावा आणि पहिला गियर टाका. या गाड्यांत गियर पुढच्या चाकांना अडवतो, म्हणून तो इथे उपयोगी पडतो.

गाडीसोबत मिळणारा कात्री जॅक स्टेपनी लावण्यापुरता असतो. गाडी त्यावर ठेवून खाली हात घालू नका. कंपनीने दाखवलेल्या जागी दोन जॅक स्टँड लावा, विटांचा ढीग चालणार नाही. त्याशिवाय ट्रॉली जॅक वेगळा हवा, कारण ॲक्सलला आधार द्यायचा आहे. हा आधार स्प्रिंगच्या खालच्या बैठकीजवळ किंवा चाकाकडच्या टोकाला द्या. बीमच्या मध्यावर जॅक लावला तर तो वाकू शकतो, तिथला पत्रा त्यासाठी केलेला नसतो.

आणि उचलण्याआधी, चारही चाकं जमिनीवर असताना, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. हा आकडा नंतर फार कामाला येतो.

काढताना काय बिघडतं

या रचनेत चाक किती खाली लटकेल हे शॉकअप ठरवतो. आधार न देता खालचा बोल्ट काढला, तर ॲक्सल धाडकन खाली येतो, स्प्रिंग निसटू शकते, आणि ब्रेकचा होज व एबीएसची वायर ताणली जाते. म्हणून आधी जॅक लावा, बीम किंचित उचला आणि मग बोल्टला हात घाला. एक बाजू पूर्ण बसवल्याशिवाय दुसरी सोडू नका.

खालचा बोल्ट जाम असणं, विशेषतः कोकणपट्टीत आणि मुंबईत, अगदी नेहमीचं आहे. बहुतेक वेळा आटे नव्हे, तर बुशमधली लोखंडी नळी आणि बोल्टची दांडी गंजून एकजीव झालेली असते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी पुन्हा मारा. सहा कोनी सॉकेट आणि लांब हँडल वापरा, बारा कोनी सॉकेट कडा गोल करतो. नट निघाला पण बोल्ट सरकत नाही असं झालं, तर जॅक थोडा वर-खाली करून बघा. डोळ्यावरचा ताण गेला की तो बऱ्याचदा हातानेच निघतो. ठोकायचंच असेल तर नट दोन आटे परत चढवून त्यावर ठोका, उघड्या आट्यांवर कधीच नाही.

वरचा नट काही गाड्यांत डिकीच्या कडेच्या प्लास्टिक झाकणाखाली असतो. काहींत शॉकअपची टोपी चाकाच्या कमानीत दोन बोल्टांवर बसवलेली असते आणि नट त्या टोपीत. नट फिरवला की दांडाही सोबत फिरतो, हीच सगळ्यांची तक्रार. दांड्याच्या टोकाला त्यासाठी ॲलन कीचं भोक किंवा दोन सपाट कडा दिलेल्या असतात. दांडा तिथे अडवा आणि नट रिंग पान्याने फिरवा. खालून दांडा पकडीने धरणं जुन्या शॉकअपला चालून जाईल, तो भंगारातच जायचा आहे. नव्याला मात्र कदापि नाही. क्रोमवर नखाला जाणवणारा एक ओरखडा पडला की तो प्रत्येक फेरीला सीलच्या ओठावरून घासत जातो आणि तेल गळू लागतं. मग शॉकअप निकृष्ट ठरतो. नव्या नटावर इम्पॅक्ट गनही नको. दांडा वेगाने फिरला तर आतल्या पिस्टनची जोडणी ढिली होऊ शकते.

रबर आणि वायसर काढताना ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने फरशीवर मांडा आणि फोटो काढा. वाटीसारखा वायसर उलटा बसला तर रबर नीट धरलं जात नाही, आणि मग आवाज ठरलेला.

शेवटचं आवळणं चाकांवर वजन असतानाच

एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. खालच्या डोळ्यातलं रबर बाहेरच्या कडीला आणि आतल्या नळीला घट्ट चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी जागीच पकडली जाते. चाक वर-खाली झालं की ती नळी फिरत नाही, रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. आता चाक हवेत लटकत असताना तुम्ही बोल्ट पूर्ण आवळला, तर रबर त्या लटकलेल्या कोनात "सरळ" धरलं जातं. गाडी खाली उतरवली की ते उभ्या गाडीतही कायम पिळलेलं राहतं, आणि खड्ड्यात गेलं की आणखी पिळलं जातं. काही महिन्यांत ते फाटतं.

म्हणून हवेत असताना बोल्ट हाताने सुरू करा, नट बेताने बसवा आणि तिथेच थांबा. चाक लावा, गाडी जमिनीवर उतरवा, मागून दोन-तीनदा दाबा, थोडी पुढे-मागे ढकला. मग मागून हात घालून टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने) पूर्ण आवळा. बोल्टपर्यंत हात पोहोचत नसेल तर स्टँड जागेवर ठेवून त्याच बाजूचा ॲक्सल जॅकने सावकाश उचला. तुम्ही लिहून ठेवलेलं अंतर जमलं की तिथे आवळा.

टॉर्कचा आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. वरचा नट खालच्या बोल्टपेक्षा बराच कमी टॉर्क मागतो. "अजून थोडा" करत गेलं की रबर चेपतं किंवा दांड्याचे आटे जातात. आट्यांना ग्रीस लावू नका, त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. रबरालाही ग्रीस नको, ते फुगतं. बसवायला जड जात असेल तर साबणाचं पाणी पुरतं.

बसवल्यावर आवाज आला तर

दोन्ही बाजूंना आणि पहिल्याच फेरीला टक-टक येत असेल तर वरचा नट आधी बघा, तो पूर्ण बसलेला नसतो किंवा एखादा वायसर राहिलेला असतो. स्पीडब्रेकरवर "टण्ण" असा आवाज येत असेल तर स्प्रिंग बघा. तिचं टोक बैठकीतल्या खाचेला टेकलं पाहिजे आणि खालचं-वरचं रबर जागेवर हवं. चाक उतरवलेलं असताना स्प्रिंग किंचित फिरते आणि ते लक्षात येत नाही. करकर आवाज बहुधा रबराचा असतो.

गाडी आधीपेक्षा कडक वाटली तर दोन-तीनशे किलोमीटर थांबा. मेलेल्या शॉकअपची सवय झालेली असते. गाडी एका बाजूला कललेली दिसली तर मात्र थांबू नका, स्प्रिंग नीट बसलेली नाही. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि शॉकअपचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, आणि शॉकअपवर तेल दिसतंय का तेही बघा.

पुढच्या स्ट्रटला हात लावण्याआधी

पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअपभोवतीच स्प्रिंग दाबून बसवलेली असते. वरचा मधला नट स्प्रिंग न दाबता सोडला, तर वरची बैठक आणि नट उडून तोंडावर येऊ शकतात. स्वस्त हुकवाले स्प्रिंग कॉम्प्रेसर घसरतात. आमचं स्पष्ट मत असं: स्ट्रट गाडीवरून अख्खा काढा, नव्या स्ट्रटवर स्प्रिंग चढवण्यापुरता गॅरेजवाल्याकडे न्या, आणि परत आणून बसवा. सोबत वरचं माउंट आणि त्यातलं बेअरिंग नवीन टाका, नाहीतर स्टिअरिंग वळवताना कुरकुर ऐकू येईल. डावा-उजवा स्ट्रट वेगळा असतो, ब्रेक होजच्या ब्रॅकेटवरून ओळखा. काढण्याआधी नकलच्या (चाक धरणाऱ्या भागाच्या) दोन बोल्टांच्या जागा रंगाने खुणावून ठेवा आणि काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्याच, खुणा जुळल्या तरीही.

काढलेले जुने शॉकअप घरी कापू नका, ठोकू नका, तापवू नका. आत दाबाखालचा वायू असतो, एका नळीच्या प्रकारात तर २०–३० बारपर्यंत. भंगारवाल्याला देताना आत वायू आणि तेल आहे हे सांगा. जमिनीवर सांडलेलं तेल लाकडाच्या भुशाने टिपून घ्या, गटारात धुवून देऊ नका.