कर्मचाऱ्यांच्या हिताची सुरुवात ड्यूटीच्या तक्त्यापासून करा

कर्मचाऱ्यांची प्रगती आणि स्वास्थ्य जपायचे ठरले, की बहुतेक आस्थापनांत वाढदिवसाचा केक, वार्षिक सहल आणि एखादे व्याख्यान एवढ्यावर भागवले जाते. माझ्या मते सुरुवात ड्यूटीच्या तक्त्यापासून करावी, कारण माणसाची झोप, जेवण आणि घरच्यांबरोबरचा वेळ त्या एका कागदावर ठरतो. गोव्यातल्या कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांत किंवा वेर्णा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत काम करणारे कितीतरी जण पेडणे, सत्तरी किंवा सीमेपलीकडच्या बांदा-सावंतवाडीहून ये-जा करतात. पाळी सुटेपर्यंत गावाकडची शेवटची बस गेलेली असेल, तर त्या माणसाची विश्रांती तिथेच संपते. म्हणून पाळीच्या वेळा बसच्या वेळा पाहून ठरवाव्यात. ते शक्य नसेल तर वाहनाची सोय आस्थापनाने करावी. तक्ता किमान पंधरा दिवस आधी लावावा आणि रात्रपाळीनंतर लगेच सकाळची पाळी कोणालाही देऊ नये. जादा कामाचे तास त्याच दिवशी लिहून घ्यावेत आणि कायद्याप्रमाणे दुप्पट दराने त्यांचे पैसे द्यावेत.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, रजेचा प्रश्न दरवर्षी येतो, तरी तो ऐन वेळेपर्यंत लोंबकळत ठेवला जातो. गोव्यातला माणूस चवथीला मूळ घरी जातोच, हे गृहीत धरून दोन महिने आधी सर्वांना एकत्र बसवावे. ख्रिस्ती सहकारी चवथीची ड्यूटी सांभाळतात आणि हिंदू सहकारी नाताळची, ही आपल्याकडची सवय तोंडी न ठेवता तक्त्यात मांडावी. ज्याला यंदा रजा मिळाली नाही, त्याचा पुढच्या वर्षीचा पहिला हक्क लेखी नोंदवावा.

शिकण्यासाठी पावसाळ्यासारखा काळ नाही. जून ते सप्टेंबर पर्यटकांची वर्दळ ओसरते, तेव्हा माणसे कमी करण्याऐवजी त्यांना पुढचे काम शिकवावे. खोल्या आवरणाऱ्या मुलाला आठवड्यातून दोन दिवस रिसेप्शनवर बसवावे, पाहुण्याची नोंद आणि बिल त्याच्याकडून करून घ्यावे, आणि शेजारी अनुभवी व्यक्ती असावी. हे सारे ड्यूटीच्या वेळेतच व्हायला हवे. सुट्टीच्या दिवशी बोलावून दिलेले प्रशिक्षण कर्मचाऱ्याला शिक्षाच वाटते. काम जमू लागले की हुद्दा आणि पगार दोन्ही बदलावेत, नाहीतर पुढच्या हंगामात तो शेजारच्या हॉटेलात दिसेल आणि त्यात त्याचा काही दोष नसेल.

काही गोष्टी मालकाच्या मर्जीवर सोडलेल्या नाहीत. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील, तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती हवीच. तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरची असावी लागते. पहिल्या दोन अपत्यांसाठी पात्र महिलेला 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते. ती परतल्यावर तिचे पूर्वीचेच काम तिला मिळेल, हे रजेवर जाण्यापूर्वीच सांगावे. मानसिक ताणासाठी टेलि-मानस या सरकारी दूरध्वनी समुपदेशन सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक मराठी, कोकणी, हिंदी आणि कन्नडमध्ये लिहून जेवणाच्या खोलीत लावावा.

हे सर्व पर्यवेक्षकाच्या हाती असते, म्हणून त्याची बढती ठरवताना उत्पादनाबरोबरच त्याच्या हाताखालचे किती जण वर्षभरात नवे काम शिकले आणि किती जण सोडून गेले, हेही तपासावे.