भांडण युद्धापर्यंत जाऊ द्यायचं नसेल तर काय करायचं (क्युबा, १९६२ वरून)
सोव्हिएत रशियाने क्युबात अण्वस्त्रं वाहणारी क्षेपणास्त्रं आणली आणि अमेरिकेने क्युबाकडे जाणारी जहाजं अडवायचं ठरवलं, तेव्हाची ही गोष्ट. आधी शब्द जपून वापरा. नाकेबंदी म्हटलं की ती युद्धाची कृती ठरते म्हणून अमेरिकी अध्यक्ष केनेडीने तिला क्वारंटाइन म्हटलं, काम तेच. मग समोरच्याला मागे फिरायला वाट ठेवा, हे सगळ्यात अवघड बघा, कारण आपलेच लोक लगेच भित्रा म्हणतात. २७ ऑक्टोबरला क्युबावर अमेरिकेचं यू-टू हेरगिरी विमान पाडलं, पायलट गेला, तरी केनेडीने उलट हल्ला केला नाही. सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हची दोन पत्रं आलेली, एक मवाळ एक कडक, उत्तर दिलं मवाळ पत्राला, आणि तुर्कस्तानातली अमेरिकेची क्षेपणास्त्रं काढायचा शब्द भावाकरवी सोव्हिएत राजदूताला गुपचूप दिला. हॉटलाइन, म्हणजे दोन सरकारांमधली थेट लाइन, मात्र आधीच टाका, त्यांनी १९६३ मध्ये टाकली (तीही फोन नाही, टेलिप्रिंटर, म्हणजे लिहिलेला मजकूर पाठवणारं यंत्र), म्हणजे वरातीमागून घोडं.