मुलांचे बेसबॉल आणि कुंपणाबाहेरचे आपण: या चुका टाळा

हिवाळा ओसरला की अमेरिकेत गावोगावच्या लिटल लीगचे, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉल स्पर्धांचे, वेळापत्रक घरी येते, आणि न्यू जर्सीतील एडिसनपासून कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटपर्यंतच्या मराठी घरांतही शनिवारची सकाळ ग्लव्ह, हेल्मेट आणि पाण्याची बाटली शोधण्यात जाते. १९३९ साली पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट या गावी कार्ल स्टॉट्झ यांनी अवघ्या तीन संघांची ही लीग सुरू केली, आणि तेव्हापासून तिचा डोलारा स्वयंसेवकांवरच उभा आहे. कोच कोणाचे तरी बाबा असतात, धावफलक लिहिणारी कोणाची तरी आई असते. त्यामुळे मैदानावरचे वातावरण बिघडवणारेही पालकच असतात आणि सावरणारेही तेच.

तिसऱ्या स्ट्राइकवर (टप्प्यातला चेंडू हुकला किंवा सोडला की स्ट्राइक; तीन झाले की फलंदाज बाद) बॅट न फिरवताच बाद झालेला दहा वर्षांचा मुलगा डगआउटकडे, म्हणजे संघाच्या बसण्याच्या जागेकडे, जाण्याआधी बहुतेक वेळा मान वळवून कुंपणापलीकडे पाहतो. तिथे आईने कपाळाला हात लावलेला आहे, बाबा पंचांकडे बघून हातवारे करत आहेत, की दोघेही नेहमीसारख्या टाळ्या वाजवत आहेत, यावर तो मुलगा हेल्मेट जागेवर ठेवतो की जमिनीवर आपटतो हे ठरते. पुढे सांगितलेल्या चुकांपैकी बहुतेक मोठ्यांच्या आहेत, याचे कारण एवढेच की खेळाडूंच्या चुकांची मुळे बहुधा तिथेच सापडतात.

पंचांशी हुज्जत घालणे

ही सर्वांत मोठी चूक आहे आणि ती करणाऱ्याला ती कधीच चूक वाटत नाही. लहान मुलांच्या सामन्यात होम प्लेटमागे (फलंदाजाजवळ जमिनीत बसवलेल्या पाटीमागे) उभे राहणारे पंच पुष्कळदा स्वयंसेवक असतात आणि कित्येकदा तर शाळकरी मुले असतात. होम प्लेट सतरा इंच रुंद असते, आणि लिटल लीगच्या नियमांनुसार तिच्यावरून, फलंदाजाची काख आणि गुडघ्याचा वरचा भाग यांच्या दरम्यान जाणारा चेंडू स्ट्राइक ठरतो. ब्लीचर्सवर (प्रेक्षकांच्या बाकांवर) बाजूला बसलेल्या माणसाला चेंडूची उंची थोडीफार कळू शकते, परंतु तो प्लेटच्या आत होता की बाहेर हे तिथून दिसणे शक्यच नसते. तरीही सर्वाधिक आरडाओरडा होतो तो नेमका याच निर्णयांवर.

नियम याबाबत स्पष्ट आहेत. स्ट्राइक की बॉल (म्हणजे स्ट्राइक नसलेला चेंडू), बाद की नाबाद यांसारखे पंचांच्या अंदाजावर अवलंबून असलेले निर्णय अंतिम असतात आणि त्यांवर खेळाडू, कोच किंवा मॅनेजर (संघाचा प्रमुख) यांपैकी कोणीही आक्षेप घेऊ शकत नाही. नियमच चुकीचा लावला गेला अशी शंका असेल, तरच मॅनेजरने पंचांना विचारायचे असते. यात पालकांना कुठेही स्थान नाही, आणि ते नसणेच योग्य आहे.

हे बंधन झुगारले की गोष्ट कुठवर जाते हे २०१९ च्या जूनमध्ये कोलोरॅडोतील लेकवुड येथे दिसले. सात वर्षांच्या मुलांचा सामना होता आणि पंच तेरा वर्षांचा होता. त्याच्या निर्णयांवरून कुरबूर सुरू झाली आणि शेवटी मोठी माणसे मैदानातच एकमेकांवर धावून गेली. त्या हाणामारीची चित्रफीत देशभर पाहिली गेली, पोलिसांची कारवाई झाली, आणि हे सर्व ती सात वर्षांची मुले पाहत होती. त्यानंतर २०२३ मध्ये न्यू जर्सीतील डेप्टफर्डच्या लिटल लीगने, पंच कंटाळून काम सोडू लागल्यामुळे, एक वेगळा नियम केला: पंचांशी गैरवर्तन करणाऱ्या पालकाला पुन्हा मैदानावर यायचे असेल, तर आधी तीन सामन्यांत त्याने स्वतः पंच म्हणून उभे राहावे. मला हा नियम अत्यंत रास्त वाटतो. प्लेटमागे एक डाव उभे राहिल्यावर जे कळते ते दहा सूचनापत्रके वाचून कळत नाही, आणि म्हणूनच शिक्षा होण्याची वाट न पाहता पालकांनी लीगच्या पंच-प्रशिक्षणाला आपणहून नाव द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

निर्णय खरोखरच चुकला तर काय करावे? घरी परतताना मुलगा विचारतो, “बाबा, तो बॉल होता ना?” त्यावर खोटे बोलण्याची गरज नाही. “असेलही. पण पंचांनी स्ट्राइक दिला ना, मग तो स्ट्राइक. दोन स्ट्राइक झाल्यावर काठावरचा चेंडू सोडायचा नाही, एवढं लक्षात ठेव,” हे उत्तर पुरेसे असते, कारण त्यात तक्रारीऐवजी पुढच्या वेळी करण्यासारखे काहीतरी आहे. मूल थोडे मोठे असेल तर त्याला २ जून २०१० च्या डेट्रॉइटमधील सामन्याविषयी जरूर सांगावे. आर्मांडो गॅलारागा या पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) ओळीने सव्वीस फलंदाज बाद केले होते आणि परफेक्ट गेमसाठी, म्हणजे एकाही फलंदाजाला बेसवर (धावण्याच्या टप्प्यावर) पोहोचू न देता सामना संपवण्यासाठी, एकच आउट हवा होता, तेव्हा पहिल्या बेसवरचे पंच जिम जॉइस यांनी बाद असलेल्या फलंदाजाला सेफ, म्हणजे नाबाद, ठरवले. गॅलारागा किंचित हसला आणि पुढचा चेंडू टाकायला परत गेला. चित्रफीत पाहिल्यावर जॉइस यांनी आपली चूक जाहीरपणे मान्य करून माफी मागितली, आणि दुसऱ्या दिवशी संघाची यादी पंचांकडे देण्यासाठी गॅलारागाच होम प्लेटपाशी आला, तेव्हा जॉइस यांना अश्रू आवरले नाहीत. पंच चुकतात आणि तरीही त्यांचा मान राखायचा असतो, हे मुलांना पटवून देण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

प्रतिस्पर्ध्याच्या चुकीवर जल्लोष

आपण क्रिकेट पाहत मोठे झालो. झेल सुटला की ओरडणे, पायचीतसाठी साऱ्या गल्लीने अपील करणे, फलंदाजाला चिडवणे हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. बेसबॉलमध्ये मात्र पंच बहुतेक निर्णय अपिलाची वाट न पाहता स्वतःच देतात, त्यामुळे प्रेक्षकांतून उठणारी “आउट! आउट!” ही आरोळी केवळ दबाव आणण्यासाठी आहे असाच तिचा अर्थ घेतला जातो. विरुद्ध संघाच्या शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) पायांमधून चेंडू निसटला आणि आपला मुलगा पहिल्या बेसवर पोहोचला, तर टाळी आपल्या मुलाच्या धावण्याला द्यावी, आणि तीही त्या शॉर्टस्टॉपला आपली चूक साजरी होत आहे असे वाटणार नाही एवढ्याच आवाजात. पिचर लागोपाठ बॉल टाकू लागला की “हा आता संपला” अशा आवया उठतात, त्यांत तर आपण मुळीच सामील होऊ नये. तिथे उभा असलेला अकरा वर्षांचा मुलगा एकटा असतो आणि त्याला प्रत्येक शब्द ऐकू येतो.

याच्या अगदी उलट वागणूक २०२२ च्या ऑगस्टमध्ये टेक्सासमधील वेको येथे पाहायला मिळाली. लिटल लीग वर्ल्ड सिरीजसाठीच्या विभागीय अंतिम सामन्यात टेक्सासच्या पिचरचा चेंडू ओक्लाहोमाच्या फलंदाजाच्या हेल्मेटवर आदळला. फलंदाज सावरून पहिल्या बेसवर गेला, पण आपल्या हातून कोणाला तरी इजा झाली या भीतीने पिचरला रडू कोसळले. तेव्हा ज्याला चेंडू लागला होता तोच मुलगा बेस सोडून चालत पिचरपाशी गेला आणि त्याने त्याला मिठी मारली. चेंडू लागला की प्रेक्षकांनी प्रथम गप्प बसावे. पिचर मुद्दाम तसे करत आहे असा आरोप करणे टाळावे, कारण या वयाची मुले सेहेचाळीस फुटांवरून चेंडू टाकतात आणि त्यांचा चेंडूवर पुरेसा ताबा नसतो. कोचने बोलावल्याशिवाय आईवडिलांनी मैदानात धावू नये. मैदानावरची इतर मुले अशा वेळी एक गुडघा टेकून थांबतात आणि जखमी खेळाडू उठला की दोन्ही संघ टाळ्या वाजवतात. ही पद्धत मुलांना पहिल्याच सरावात शिकवावी.

कुंपणामागून शिकवणी आणि मराठीतून शेरे

“कोपर वर!”, “मागे सरक!”, “मार, मार!” अशा सूचना बॅकस्टॉपच्या जाळीमागून देणारे बाबा प्रत्येक मैदानावर भेटतात. कोच एक सांगत असतात, बाबा दुसरे, आणि चेंडू तर निघालेलाही असतो. फलंदाजी चालू असताना मुलाचे नाव घेऊन उत्तेजन द्यावे, तंत्राबद्दल एक अवाक्षरही काढू नये. हौस असेल तर कोचला मदतनीस हवाच असतो.

मराठी पालकांची एक खास चूक इथे नोंदवली पाहिजे. शेजारी कोणाला भाषा कळत नाही या भरवशावर “याला कशाला ठेवलंय तिसऱ्या बेसवर?” किंवा “त्या कोचच्या मुलालाच सगळं मिळतं” असे शेरे सर्रास मारले जातात. भाषा कळली नाही तरी बोट कोणाकडे आहे आणि तोंड कसे वाकडे झाले आहे हे सर्वांना कळते. शिवाय आपल्या मुलाला मराठी कळते, आणि सोमवारी त्याच मित्राशेजारी त्याला वर्गात बसायचे असते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं ही वृत्ती मुले आपल्याकडूनच उचलतात.

एकतर्फी सामन्यात समोरच्याला तुडवणे

चौथ्या डावात १२–१ अशी आघाडी असताना बेस चोरत राहणे (फटका नसतानाही पुढच्या बेसवर धावणे), कॅचरच्या (प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्याच्या) हातून चेंडू निसटला की प्रत्येक वेळी पुढे धावणे, यात नियमभंग नसतो, पण खिलाडूपणाही नसतो. अनेक लीगांमध्ये चार डावांनंतर दहा धावांची आघाडी असेल तर सामना थांबवतात, परंतु तिथवर पोहोचेपर्यंतचा वेळ कोचच्या हातात असतो. त्यांनी चोरी थांबवावी, धावपटूंना एका फटक्यावर एकच बेस घ्यायला सांगावे, नेहमी दूर राइट फील्डवर उभ्या असणाऱ्या मुलाला इनफील्डमध्ये, म्हणजे बेसांजवळ, आणावे, आणि नव्या पिचरला संधी द्यावी. मुद्दाम बाद व्हायला मात्र मुलांना कधीही सांगू नये. समोरच्या संघाला ती दया कळते आणि ती धावांपेक्षा जास्त बोचते. पालकांनीही दहाव्या धावेनंतर पहिल्या धावेसारखा कल्ला करण्याचे कारण नाही.

खेळाडूंचा राग

बॅट किंवा हेल्मेट फेकणे हा निव्वळ असभ्यपणा नाही, त्यात शेजारच्याला इजा होण्याचा धोका आहे. सामन्यातून बाहेर काढलेल्या खेळाडूला लिटल लीगच्या नियमांनुसार संघाच्या पुढच्या सामन्यालाही मुकावे लागते आणि त्याला तिथे हजरही राहता येत नाही. रागीट मुलाला “रागावू नकोस” हे सांगून काही होत नाही, म्हणून राग आल्यावर काय करायचे हे आधीच ठरवून द्यावे. बॅट रॅकमध्ये ठेवायची, हेल्मेट काढायचे, पाणी प्यायचे, आणि मग पुढच्या फलंदाजाला हाक मारून उत्तेजन द्यायचे, असा क्रम सरावातच पाठ करून घेतला तर सामन्यात तो आठवतो. सामन्यानंतरच्या हस्तांदोलनाच्या रांगेत ग्लव्ह काढून, समोरच्याकडे पाहून “गुड गेम” म्हणायचे असते. हरलेल्या दिवशी रडू येत असेल तर रडतच म्हणावे, पण रांग चुकवू नये.

खेळायला मिळण्यावरून भांडण, आणि नियम वाकवणे

नियमित हंगामात प्रत्येक मुलाला किमान सहा आउट होईपर्यंत क्षेत्ररक्षण आणि किमान एकदा फलंदाजी मिळावी, असा लिटल लीगचा सर्वसाधारण नियम आहे. संघात मुले जास्त असतील तर तो थोडा बदलतो. तो पाळला जात नसेल तर तक्रार करणे योग्यच आहे. पण ती सामना संपताच, मुलांच्या देखत, डगआउटच्या दारात करू नये. एक दिवस जाऊ द्यावा आणि मग कोचना फोन करावा.

दुसऱ्या टोकाला, जिंकण्यासाठी नियमांना बगल देणारे कोच आणि पालकही आहेत. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला एका दिवसात ८५ चेंडूच टाकता येतात आणि ६६ किंवा त्याहून अधिक टाकल्यास चार दिवसांची विश्रांती सक्तीची असते. हा आकडा लपवणे म्हणजे मुलाच्या कोपराशी आणि खांद्याशी खेळणे होय. २००१ च्या लिटल लीग वर्ल्ड सिरीजमध्ये गाजलेला न्यू यॉर्कमधील ब्राँक्सचा पिचर बारा नव्हे तर चौदा वर्षांचा असल्याचे उघड झाले आणि त्या संघाचे सर्व विजय रद्द झाले. २०१४ चे अमेरिकी विजेतेपद मिळवणाऱ्या शिकागोच्या संघाने आपल्या लीगच्या हद्दीबाहेर राहणारी मुले घेतल्याचे आढळल्यावर पुढच्या वर्षी तेही काढून घेण्यात आले. दोन्ही वेळा फसवणूक मोठ्यांनी केली आणि मान खाली घालावी लागली ती मुलांना.

चूक होऊन गेली असेल तर

आपणच पंचांवर ओरडलो असू, तर सामन्यानंतर त्यांच्या गाडीपर्यंत मागे जाऊ नये. तसे केल्यास माफीसुद्धा धमकीसारखी वाटते. पुढच्या सामन्याआधी, कोचच्या उपस्थितीत आणि शक्यतो आपल्या मुलाच्या समोर, दोन वाक्यांत दिलगिरी व्यक्त करावी. शेजारचे पालक आवरत नसतील तर त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्या हाती चेंडू मोजण्याचा तक्ता द्यावा, कारण मोजणारा माणूस सहसा ओरडत नाही. तरीही थांबले नाहीत तर आपल्या संघाच्या मॅनेजरला सांगावे, कारण पंचही बहुधा खेळ थांबवून प्रेक्षकांना आवरण्यास मॅनेजरलाच सांगतात. प्रकरण शिवीगाळीवर किंवा धमकीवर गेले असेल तर त्याच रात्री लीगच्या संचालक मंडळाला लेखी कळवावे. त्यात तारीख, मैदान, डाव आणि प्रत्यक्ष उच्चारलेले शब्द असावेत, आणि त्या पालकाच्या मुलाविषयी एकही वाक्य नसावे.