बिनतारी घंटेतला सेल मी कसा पक्का केला

यावलजवळच्या आमच्या घरी बिनतारी घंटेचे बटण दारावरून पडले, झाकणाची खुंटी तुटली आणि सीआर २०३२ हा नाण्यासारखा चपटा सेल घरंगळत खाटेखाली गेला. रांगती नात तिथून हातभरच लांब होती. २० मिलिमीटर व्यासाची ही चकती लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकली, तर तिच्या विजेमुळे तिथे तीव्र अल्कली तयार होऊन दोन तासांतच खोल जखम होऊ शकते, म्हणून नुसत्या चिकटपट्टीवर भागवणे मला पटले नाही.

सेल बाजूला ठेवून, सर्किटपासून दूरच्या कोपऱ्यात झाकणातून बारीक भोक पाडले आणि जुन्या खेळण्यातला छोटा स्क्रू आवळला. त्याचे टोक सेलला टेकणाऱ्या आतल्या धातूच्या पट्ट्यांना लागणार नाही, हे आधी काडी घालून मोजले होते. स्क्रू आवळण्याआधी दाब गेलेली पट्टी लाकडी काडीनेच हलकेच उचलली आणि नवा सेल बसवला. सेलवर थेट सोल्डरिंग (कथील वितळवून तार जोडणे) मात्र कधीही करू नये, कारण तापलेला सेल फुटू शकतो. जुना सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळून ई-कचऱ्यासाठी वेगळा ठेवला. मग बटण कमरेच्या उंचीवरून तीनदा फरशीवर टाकले. झाकण जागचे हलले नाही.