सहा घरं, एक वॉशिंग मशीन आणि एक दिवसाआड नळ : झगडा न करता कपडे कसे धुवायचे

आमच्या बिल्डिंगमध्ये सहा भाडेकरू आणि जिन्याखाली एक मशीन. सेमी ऑटोमॅटिक, सात किलोची. मालकानं स्वतःसाठी नवीन घेतली म्हणून जुनी खाली आणून ठेवली आणि म्हणाला, वापरा सगळे, फक्त माझ्यापाशी तक्रारी आणू नका. दर्यापूर भागात, म्हणजे इकडं तालुक्याच्या गावात, शिक्षक, बँकवाले, नर्सताई असे बदलीवाले लोक भाड्यानं राहतात, दोन-तीन वर्षांसाठी कोणी नवीन मशीन घेत नाही, त्यामुळं फुकटची मशीन पाहून आम्ही सगळे खुश. पहिल्या दोन महिन्यांत इतके झगडे झाले की मशीन विकून टाका म्हणायची पाळी आली. मंग बसून काही गोष्टी ठरवल्या, त्या इथं लिहून देतो, कोणाच्या कामी पडल्या तर पडल्या.

सुरुवात नंबर लावण्यापासून, आणि आम्ही तिथंच चुकलो

आम्ही आधी काय केलं, भिंतीवर कागद चिकटवला, सोमवार याचा, मंगळवार त्याचा. दिसायला एकदम बरोबर. पण आमच्याकडं नळ येतो एक दिवसाआड, आणि आठवड्याचे दिवस सात, म्हणजे या सोमवारी नळ आला तर पुढच्या सोमवारी येणारच नाही. सोमवारवाल्याला एका आठवड्यात पाणी आणि दुसऱ्या आठवड्यात ठणठण. मंग तो मंगळवारवाल्याच्या नंबरात घुसणार, मंगळवारवाला बुधवारात, आणि शनिवारपर्यंत सगळी बिल्डिंग एकमेकांशी बोलणं बंद.

बोरिंग आहे न, असं कोणी म्हणेल. आहे, पण हा खारपाण पट्टा आहे भाऊ. पूर्णेच्या खोऱ्यातला अकोला, अमरावती, बुलढाण्याचा हा सगळा पट्टा, जमिनीखालचं पाणी खारट. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, नुसता पांढरा साका तरंगतो, आणि वाळल्यावर टॉवेल पापडासारखा उभा राहतो. म्हणून सगळ्यांना नळाच्याच दिवशी धुवायचं असतं. भांडण मशीनचं नसतंच, नळाच्या पाण्याचं असतं, हे कळायला आम्हाला दोन महिने लागले.

तर नंबर वारावर लावू नका, नळावर लावा. आमची सहा घरं, नळाच्या एका दिवसाला दोन नंबर, एक सकाळचा एक संध्याकाळचा. तीन नळांमध्ये सहाही घरं होतात, म्हणजे सहा दिवसांनी आपला नंबर परत. पुढच्या फेरीला सकाळवाले संध्याकाळी आणि संध्याकाळवाले सकाळी, कारण सकाळी पाणी भरपूर असतं आणि संध्याकाळवाल्याला टाक्याच्या बुडाचं मिळतं. नळ आलाच नाही तर नंबर जात नाही, सगळे नंबर एक नळ पुढं सरकतात, बस. तुमच्याकडं नळ रोज येत असेल तर तुम्ही नशीबवान आहात, खुशाल वार लावा.

नंबर म्हणजे दोन तास. पंधरा मिनिटं धुणं, दोनदा खंगाळणं, पाच मिनिटं ड्रायर, असं धरलं तर एक घाणा पाऊण तासात निघतो, म्हणजे दोन तासांत दोन घाणे आरामात आणि तिसरा घाईगडबडीत. टब एकदा भरायला तीन-चार बादल्या पाणी लागतं आणि तेवढंच परत खंगाळायला, तेही दोनदा. सहा घरांच्या टाक्यातून कोणी पडदे, सतरंज्या, गोधड्या सगळं एकाच दिवशी काढलं की वरच्या माळ्यावर आंघोळीला पाणी नाही. जड कपडे सांगून काढा. महालक्ष्म्यांच्या आणि दिवाळीच्या आधी तर आठ दिवस पहिले वहीत लिहा, कारण तेव्हा सगळ्यांचेच पडदे निघतात. पाणी कमीच असलं तर एक करता येतं, पावडरचं धुणं बोरिंगच्या पाण्यात काढा, पावडर थोडी जास्त लागते, आणि शेवटचं खंगाळणं तेवढं नळाच्या पाण्यात करा. टॉवेल मऊ राहतो.

लाईन, म्हणजे वीज, गेली तर? ज्याचे कपडे टबात आहेत तो लाईन आल्यावर पहिले पुरं करणार, बाकीचे मागं सरकणार. यात वाद घालण्यासारखं काही नाही, तरी लोक घालतात.

दुसऱ्याच्या कपड्यांना हात लावायचा की नाही

खरी गोष्ट ही. तुमचा नंबर सुरू झाला, बादली घेऊन खाली गेलात, आणि ड्रायरमध्ये कोणाचे तरी कपडे पडलेले. आता? आमच्या इथं काकूंची साडी असंच कोणीतरी काढून मशीनच्या वर ठेवून दिली, ती घसरून खाली मोरीच्या पाण्यात पडली, आणि काकू जिन्यातून ओरडल्या, "माह्या साडीले हात कोनं लावला?" तीन दिवस तेच चाललं. काढणाऱ्याची चूक नव्हती म्हणता येणार नाही, पण काकूही कपडे टाकून बाजाराला गेल्या होत्या, दोन तास.

म्हणून आम्ही असं ठरवलं. कपडे टाकणाऱ्यानं आपली रिकामी बादली मशीनच्या बाजूलाच ठेवायची, घराचं नाव पेंटनं लिहिलेली. मशीन थांबल्यावर पंधरा मिनिटं कोणी हात लावायचा नाही. मंग फोन करायचा, नाही उचलला तर दार वाजवायचं. तरी कोणी नाही आलं तर कपडे काढायचे, पण त्याच्याच बादलीत, आणि वरून आपले काही टाकायचे नाही. असं सरळ विचारलं की कोणाला राग येत नाही:

"ताई, तुमचे कपडे ड्रायरमध्येच हायेत, काढून ठेवू काय बादलीत?"

"काढा न भाऊ, मी पोळ्या लाटून राहिली."

झालं. आतले कपडे कॉमन मशीनमध्ये टाकूच नका, ते घरी हातानं धुवा, त्यानं अर्धा संकोच तिथंच संपतो, काढणाऱ्याचाही आणि ज्याचे काढले त्याचाही. आणि एक, आमच्याकडं एकांनी विचारलं होतं की यात कोणाकोणाचे कपडे पडतात काय माहीत. ज्याला असा प्रश्न पडतो त्यानं घरी मोगरी घ्यावी आणि दगडावर धुवावं, मशीन तरी मोकळी राहील.

खिसे तपासा, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो

मी शाळेत शिकवतो. खर्रा खाणं चांगलं नाही हे पोरांना सांगतो आणि स्वतः खातो, खोटं काऊन बोलू. एकदा पँटच्या मागच्या खिशात खर्ऱ्याची पन्नी तशीच राहून गेली. मशीनमध्ये ती फुटली. सुपारी, तंबाखू, चुना सगळं टबात, आणि मी वरून पाहिलं नाही, पाणी सोडून दिलं आणि निघून आलो. माझ्यामागं नर्सताईंचा नंबर होता. त्यांचा पांढरा ड्रेस कथ्थे ठिपके घेऊन बाहेर आला आणि आतल्या जाळीच्या पिशवीत सुपारीचे तुकडे सापडले. बिल्डिंगमध्ये खर्रा खाणारे दोघंच, दुसरे त्या दिवशी गावाला गेले होते. नवीन ड्रेसचे पैसे दिले आणि वरून आठवडाभर सगळ्यांच्या नजरा झेलल्या.

तर खिसे उलटे करा. खर्रा, चिल्लर, सेफ्टी पिना, खिळे, पोरांच्या खिशातल्या चिंचा आणि गोट्या. कपाशी वेचून आलेले कपडे असतील तर आधी अंगणात जोरात झटका, कापसाचे तंतू त्या जाळीत जाऊन बसतात. काळ्या मातीचा चिखल असला तर साध्या पाण्यात एकदा हातानं खळबळून मंगच मशीनमध्ये, नाहीतर तुमच्या वावराची माती पुढच्याच्या शर्टावर. धुळवडीचे कपडे मशीनला दाखवायचेच नाही. जाळी ज्यानं मशीन वापरली त्यानं साफ करायची, पुढच्यानं नाही.

साबणाचं पाणी ठेवायचं का सोडायचं, हाही झगड्याचा विषय. सेमीवाल्यांना माहीत आहे, एका पाण्यात पहिले पांढरे, मंग रंगीत, मंग पायपुसणे असं आपण काढतो. घरच्या घरी ठीक आहे. पण पायपुसण्याचं पाणी टबात सोडून "राहू द्या, वापरून घ्या" म्हणून निघून जाणं ही मदत नाही. पुढच्याला विचारा, तो हो म्हणाला तर ठेवा, नाहीतर ड्रेनचा खटका फिरवा आणि एक बादली पाण्यानं टब खंगाळून द्या.

फवारणीचे कपडे : इथं सूट नाही

बाकी सगळ्यात थोडं इकडंतिकडं चालतं, यात नाही. खालच्या माळ्यावरचा एक पोरगा कृषी केंद्रात कामाला आहे आणि गावाकडं चार एकर घरचं वावर, पऱ्हाटीवर फवारणी करून आला की तसेच कपडे मशीनमध्ये टाकायचा. कोणाच्या लक्षातच नव्हतं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर गेले, हे आपल्याकडं सगळ्यांना आठवते. ते औषध नाकातोंडातून जाते तसंच कातडीतूनही जाते, आणि कपड्यात बसलेलं औषध धुताना पाण्यात उतरून त्याच टबातल्या दुसऱ्या कपड्यांना लागते. त्याच टबात नंतर कोणाच्या बाळाचे लंगोट पडणार.

म्हणून फवारणीचे कपडे कॉमन मशीनमध्ये नाहीच. ते त्याच दिवशी, वेगळ्या बादलीत, हातात रबरी मोजे घालून, गरम पाणी आणि भरपूर पावडर लावून दोनदा धुवायचे आणि कडक उन्हात वेगळ्या दोरीवर वाळू घालायचे. ती बादली दुसऱ्या कामाला नाही. डब्यातलं न मिसळलेलं औषध कपड्यावर सांडलं असेल तर धुवत बसू नका, तो कपडा टाकून द्या, शंभर रुपयाच्या शर्टासाठी जीव नाही. चुकून मशीनमध्ये धुतलेच असतील तर नुसतं गरम पाणी आणि पावडर टाकून मशीन एकदा रिकामी फिरवा, पाणी सोडा, मंग पुढच्याला सांगा. लपवू नका. आमच्या त्या पोराला कोणी रागावलं नाही, समजावून सांगितलं, तर त्यानं दुसऱ्या दिवशी लाल झाकणाची वेगळी बादलीच आणली आणि फवारणीचे कपडे आता तो गावाकडंच धुवून येतो.

मशीन जपणं आणि पैसे

ड्रायरमध्ये कपडे गोल सारखे पसरून दाबा, वरून ती जाळीची चकती ठेवा. एका बाजूला ओली चादर आणि दुसऱ्या बाजूला रुमाल असं टाकलं तर मशीन धडधडत भिंतीपर्यंत चालत जाते, आमची गेली आहे. ड्रायर पुरा थांबल्याशिवाय हात घालायचा नाही, आणि लहान पोट्ट्यांना जवळ येऊ द्यायचं नाही. टायमरचा खटका उलटा फिरवू नका, तुटतो. रात्री दहानंतर ड्रायर बंद, जिन्याला लागून ज्यांची खोली आहे त्यांचा पोरगा दहावीला आहे. हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर प्लग काढा आणि अर्थिंग पाहून घेतल्याशिवाय कोणी वापरू नका, ओल्या पायानं तर बिलकुल नाही. उंदीर खालून घुसून वायरी कुरतडतात, तर बुडाची जाळी आहे का तेही वाकून पाहा.

खाऱ्या पाण्यानं आत पांढरा थर धरतो. महिन्यातून एकदा किराणा दुकानातलं लिंबाचं सत गरम पाण्यात टाकून मशीन रिकामी फिरवायची आणि तासभर तसंच ठेवायचं. हे काम फिरत्या नंबरानं.

बिलाचं काय? मशीनच्या मागच्या स्टिकरवर वॅट लिहिलेले असतात. समजा ४०० वॅट, एका नंबरात मोटर तासभर चालली तर ०.४ युनिट. सहा घरं, महिन्याला पाच-पाच नंबर, म्हणजे ३० नंबर, १२ युनिट. एवढ्यासाठी लोक भांडत होते! माझा महिन्याचा खर्रा याच्यापेक्षा महाग पडतो. आम्ही घरटी ५० रुपये डब्यात टाकतो, बिल त्यातून आणि उरलेले दुरुस्तीला. डब्याचा हिशोब वहीत, वही मशीनवर लटकवलेली.

गच्चीवर जाताना

धुणं झालं तरी भांडण संपत नाही, ते गच्चीवर जाते. उन्हाळ्यात पारा ४४-४५ ला गेला की कपडे अर्ध्या-पाऊण तासात वाळतात, म्हणून दोरी अडवून ठेवायला काही कारण नाही, वाळले की काढा, नाहीतर रंग उडतो तो वेगळा. पण त्याच दिवसांत गच्चीवर कुरड्या, पापड, शेवया पडलेल्या असतात. ज्यांच्या खाटेवर वाळवण आहे त्यांना विचारल्याशिवाय ओले कपडे वरच्या दोरीवर टाकू नका, कपडे पिळलेले असले तरी थेंब पडतोच.

गेल्या एप्रिलमध्ये मी चादर टाकली आणि खाली काकूंच्या कुरड्या होत्या, हे मला दिसलंच नाही. काकू वर आल्या, चादरीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, आता ह्या कुरड्या तुमच्याच घरी तळा, निरम्याचा वास येते त्याईले."